सोमवारच्या आत

सोयाबीन पिवळं पडलं की त्याला थांब म्हणता येत नाही. पानं गळतात, दाणा शेंगेत खुळखुळायला लागतो, आणि चार-पाच दिवसांत विळा लागला नाही तर अश्विनातलं ऊन शेंग चिमटीत धरून तडकवतं. भर दुपारी बांधावर उभं राहिलं तर तड् तड् असा आवाज येतो. वर्षाचं पीक काळ्या मातीत सांडत असतं आणि ते वेचायला देवाने फक्त चिमण्यांना चोची दिलेल्या असतात.

सांवेरहून आठ किलोमीटर आत असलेल्या त्या गावात ज्या घराला अजून दक्षिण्यांचं घर म्हणतात, त्या घराचं खालचं वावर अजून उभं होतं. पाच बिघे. कधीकाळी होळकरांच्या पागेत घोडी राखणारा कुणी पूर्वज दक्षिणेतून आला, त्याला ही जमीन मिळाली. घोडी गेली, पागा गेली, जमीन तुकड्या-तुकड्यांनी गेली. उरली ती ही, आणि घरात बोलायची मराठी, तिच्यातही निम्मी माळवी शिरलेली.

थांब म्हणता येत नाही अशी दुसरी गोष्ट त्या घरात होती, ती चारुलताच्या डाव्या छातीत. वैशाखात सापडली तेव्हा लिंबाएवढी होती. इंदूरच्या हॉस्पिटलात दर एकवीस दिवसांनी एक असे आठ डोस शिरेतून सोडायचे, गाठ बारीक करायची, मग कापून काढायची, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं होतं. चार डोसांत ती बोराएवढी झाली. पाचव्याच्या वेळेला घरात महालक्ष्म्या बसल्या, पाहुणे आले, पुरणाचा घाट घातला, आणि डोस आठ दिवस पुढे गेला. त्या आठ दिवसांत न्हाणीत अंग धुताना चारूच्या बोटांना गाठ पुन्हा सुपारीएवढी लागली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्यांच्या न रागावण्याचीच तिला धास्ती बसली. "अब गैप मत करना," एवढंच त्या म्हणाल्या. सहावा डोस येत्या सोमवारी होता.

बुधवारी दिवेलागणीला तिचा नवरा देवेंद्र वावरातून आला आणि जेवायला बसला. चारूने त्याच्यापुढे ताट सरकवलं.

"सोमवार आहे," ती म्हणाली.

"मालूम आहे ना." त्याने भाकरी मोडली. तळहातांना सोयाबीनच्या खुंटांनी बारीक भोकं पाडलेली होती, आमटी लागली की झोंबत होती. "पण वावर कोण बघेल, ते पण सांग. झाबुआवाले मजूर सगळे पलीकडच्या गावच्या पाटीदारांनी बुक केलेत. आज फोन लावला तर त्यांचा मेट म्हणतो, भिया, अब दिवाली के बाद. हार्वेस्टर खाली घुसत नाही, चिखल-गारा आहे अजून, चाक रुतेल. हातानेच कापायचं आहे."

"बंटीभाऊजी?"

"ह्यांना सुट्टी नाही," गॅसपाशी बसलेली अमिता म्हणाली. अमिता ही चारूची धाकटी जाऊ. तिचा नवरा बंटी पीथमपूरच्या कारखान्यात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. "मागच्या डोसाला ह्यांनीच नेलं ना तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने दोन तास गेटवर उभं ठेवलं, सगळ्यांसमोर."

एकटी जाईन म्हणायची सोय नव्हती. डोसाच्या दिवशी सोबत घरचं माणूस लागायचं, कागदावर सही करायला आणि परत येताना धरायला. उर्वी, तिची मुलगी, सोळा वर्षांची. तिची सही चालत नव्हती. अमिता निघाली तर चूल आणि म्हैस कुणावर टाकायची.

देवेंद्रने पाणी प्यायलं. "रविवारी शेवटची पात कापून झाली, ढिगावर ताडपत्री पडली, तर सोमवारी नेतो. नाही झाली तर उघडा माल सोडून मी तिथे बाकावर बसू नाही शकत. तूच बोल, बसू का?"

इंदुमती, चारूची सासू, भिंतीला टेकून लसणाच्या पाकळ्या सोलत होती. ती लसणाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आणखी एक हात असता तर रविवारपर्यंत होऊन जातं. आमच्या टायमाला ओली बाळंतीण पण वावरात जायची. कुणी विचारत नव्हतं, थकली का म्हणून."

"मी येते," चारू म्हणाली.

बोलून ती जराशी थांबली. कुणीतरी नको म्हणेल, वेडी झालीस का म्हणेल, एवढ्यासाठी थांबली. अमिताने तवा उतरवला. सासूने सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"ऊन लागेल," देवेंद्र म्हणाला.

"पदर आहे ना."

"मग हळूहळू काप. जेवढं होईल तेवढं."

त्याच्या आवाजात माया होती. ती खोटी नव्हती, हेच वाईट होतं.

*

गुरुवारी सकाळी निघायच्या आधी अमिता मोरीत भांडी घासत होती. म्हैस धुऊन, दूध काढून, सगळ्यांच्या भाकऱ्या थापून ती मोरीत बसली होती. वैशाखापासून घर तिच्या एकटीच्या पाठीवर होतं. चारू तिच्याजवळ जाऊन दोन पेले विसळू लागली, तर एक पेला हातातून सुटला आणि मोरीत गडगडला.

"राहू द्या वहिनी. तुम्ही एक धुणार, दोन पाडणार." अमिताने पेला उचलला. मग राखेचा हात कपाळाला लागणार नाही असा मनगटाने घाम पुसत ती म्हणाली, "खरं सांगू? कधी-कधी वाटतं ना, मलाच निघायला हवी होती गाठ. चार दिवस पडून तर राहिले असते. कुणी म्हटलं नसतं ऊठ म्हणून."

ती रागाने बोलली नव्हती. उसाचा भाव सांगावा तशी बोलली. चारूला हसू आलं. अमितालाही मग हसू आलं आणि दोघी जावा मोरीच्या दगडावर, राख आणि खरकट्याच्या मध्ये, क्षणभर हसत राहिल्या.

पण पडून राहून तो थकवा जात नव्हता, हे तिला कसं सांगायचं. कामाने आलेला थकवा चारूला ठाऊक होता. तो गोड असतो, भाकर खाल्ली की उतरतो, झोपेत विरघळतो. हा निजून उठल्यावर जास्त व्हायचा. विहिरीला रात्रंदिवस मोटर लावून पाणी उपसावं आणि झऱ्याने तोंडच उघडू नये, तशी ती आतून कोरडी पडत चालली होती. केस विंचरायचा त्रास नव्हता, कारण केस नव्हते. पण पदर डोक्यावर घ्यायला हात वर न्यायचा म्हणजे कुणाचा तरी दुसऱ्याचा हात उचलल्यासारखं व्हायचं. आणि दिसायला ती ठीक दिसायची. तोंडावर औषधाची सूज होती, तिला लोक बाळसं म्हणायचे.

वावराच्या वाटेवर शेजारच्या घरची प्रेमलता डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन समोरून आली. थांबली. चारूला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"काय वो चारुलताबाई, आज दर्शन दिलं. रंग उजळला की तुमचा, सावलीत बसून-बसून."

"हो," चारू म्हणाली.

"नशीब लागतं बाई," प्रेमलता भारा सावरत पुढे गेली.

*

चौघांनी चार पाती धरल्या. देवेंद्र सगळ्यात पुढे, मग अमिता, मग सत्तरीची इंदुमती, आणि बांधाच्या कडेला चारू. डाव्या हाताने चार झाडांची मूठ आवळायची, उजव्याने बुडाशी विळा लावून आपल्याकडे ओढायचा, मूठ मागे टाकायची, उकिडवंच पुढे सरकायचं. तिच्या माहेरी, सासरी, वीस वर्षं हाताने केलेलं काम. हात विसरले नव्हते. पण चौथ्या डोसानंतर बोटांची टोकं बधिर झाली होती. पिठात हात घातला तर पीठ नाही, कापूस लागायचा. चहा गरम आहे का गार, ते ओठांना कळेपर्यंत कळायचं नाही. आता मुठीत झाडं आली की नाहीत हे तिला पाहून ठरवावं लागत होतं.

पहिल्या चार हातांतच छातीत भाता सुरू झाला. खालची माती ओलसर, वरून ऊन. त्या वाफेत वाळल्या शेंगांची कुसं उडत होती आणि तोंडातल्या फोडांवर जाऊन बसत होती. तिने पुढे पाहिलं तर सासूची पाठ पाच हात पुढे गेलेली. सत्तर वर्षांची पाठ, धनुष्यासारखी वाकलेली, आणि एका लयीत डुलणारी. म्हातारी गात होती. तिचं गाणं म्हणजे दमाच्या मध्ये दम घ्यायची जागा.

*दमले गं बाई मी, दमले सांगू कुणा,*
*भुईला पाठ टेकते, भुई म्हणे ऊठ पुन्हा.*

आवाज अजून गोड होता. चारूला लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्याच आवाजाची भूल पडली होती. ह्या बाईच्या पोटात आपल्याला जागा मिळेल असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिने मान खाली घातली.

*बसले सावलीला, सावली गेली दूर,*
*लेकी, उन्हाचंच लेणं, लाव कपाळी शेंदूर.*

"आई," चारूने हाक मारली, "पाणी."

गाणं थांबलं. "आत्ता तर बसलीस," इंदुमती मान न वळवता म्हणाली. "पात पुरी कर, मग पी. मध्ये उठलं की अंग मोडतं."

पात पुरी झाली नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा चारूला दिसलं की तिने मागे टाकलेल्या मुठी लाल आहेत. आधी तिला वाटलं, मधेच लाल माठ उगवला असेल. मग तिने डावा हात उलटा करून पाहिला. करंगळीशेजारच्या बोटाला मधल्या पेरावर विळा लागला होता, चांगला खोल, हाडापर्यंत. किती मुठींपूर्वी, ते माहीत नव्हतं. दुखत नव्हतं. ते बोट दुसऱ्याच बाईचं असल्यासारखं टप-टप गळत होतं.

तिने ते मुठीत दाबलं आणि पदराखाली घेतलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं तिला शब्दाशब्दाने पाठ होतं. कापू नको, खरचटू नको, मातीत हात घालू नको, तुझ्या रक्तात आता लढायला शिपाई नाहीत. तिने इकडे-तिकडे पाहिलं. देवेंद्र दूर होता. पण अमिता पाणी प्यायला उठली होती आणि तिने मुठी पाहिल्या.

ती धावत आली. "दाखवा." चारूने हात मागे घेतला तर तिने मनगट धरून ओढलाच. बघितलं आणि तिच्या तोंडचा रंग गेला. "आई गं. वहिनी, अहो, बोलायचं तरी. एवढं रक्त."

"ह्यांना सांगू नको. ते म्हणतील, घरी जा. मग रविवार नाही होणार."

अमिताने चारूला बांधावरच्या बाभळीखाली बसवलं. बांधालाच दगडीपाला उगवला होता, पिवळ्या-पांढऱ्या फुलांचा, खरबरीत पानांचा. तिने मूठभर ओरबाडला, ओढणीला पुसला, तोंडात घातला आणि चावायला लागली. कडू रसाने तिचे डोळे बारीक झाले. देवासजवळच्या तिच्या माहेरी असंच करतात, आई चावते आणि लेकराच्या जखमेत भरते. आईच्या थुंकीत अर्धं औषध असतं म्हणतात. तिने हिरवा लगदा तळहातावर काढला, बोटाच्या फटीत दाबून भरला आणि डोक्याच्या रुमालाची चिंधी फाडून वर करकचून बांधली.

चारूला नको म्हणता आलं असतं. नको हा शब्द तिच्या फोडांनी भरलेल्या जिभेवर येऊन बसला होता. पण सहा महिन्यांत तिला कुणी असं हात लावला नव्हता. सासूने तिचा पेला वेगळा केला होता, नवरा खाटेच्या पलीकडच्या काठाला निजायचा, उर्वीसुद्धा लांबूनच ताट द्यायची. आणि ही पोर, जिने सकाळी आपल्यालाच गाठ हवी होती म्हटलं, तिचा हात मांडीवर घेऊन, ओठांना हिरवा रस लागलेला, वाऱ्यासारखी फुंकर घालत होती.

"झोंबतं का?" अमिताने विचारलं.

"नाही गं," चारू म्हणाली. "छान वाटतं."

"मीही वाईट बोलते कधी-कधी. मनावर घेऊ नका."

"नाही घेत."

अमिताने तिची उरलेली पात स्वतःच्या पातीत घेतली. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाती कापल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

*

शुक्रवारी बोट सुजलं. चारूने चिंधी सोडली नाही. सोडली तर पाहावं लागलं असतं. ती वावरात गेली आणि एका हाताने कापलेलं गोळा करून ढिगाला नेऊन टाकत राहिली. काखेत मावेल एवढं एक कवळ नेलं की ढिगाशी टेकून शंभर आकडे मोजायचे, मग परत. मोजता-मोजता ती साठावर विसरायची आणि पुन्हा एकापासून धरायची. देवेंद्रने एकदा मागे वळून पाहिलं आणि आईला म्हणाला, "बघ, जमतंय की तिला. उगीच घरात बसून-बसून हात-पाय आखडले होते."

"मी तर तेव्हापासून बोलतेय," इंदुमती म्हणाली.

शनिवारी दुपारी तिला थंडी वाजली. पस्तीस अंशांच्या उन्हात दात वाजायला लागले, म्हणून ती भाकरीचं फडकं आणायचं निमित्त करून घरी आली आणि दोन गोधड्या घेऊन कोपऱ्यात पडली. उर्वी शाळेतून परतली होती. बारावीचं वर्ष, खांद्याला बॅग तशीच.

"मम्मी, काय झालं?"

"ते काचेचं दे जरा."

उर्वीने थर्मामीटर दिलं, मग काढून खिडकीशी नेऊन पाहिलं. "एकशे दोन. मम्मी, त्या पेपरवर तर लिहिलंय ना."

भिंतीला खिळ्याला हॉस्पिटलचा कागद लटकत होता. त्यावर हिंदीत, मोठ्या अक्षरांत, लाल रेघ मारून लिहिलेलं होतं की शंभराच्या वर बुखार गेला तर तुरंत यावं, रात्र असो की दिवस. चारूला तो कागद न बघता दिसत होता. पण तिने दुसराही हिशेब केला होता. आत्ता सांगितलं तर देवेंद्रला विळा टाकून निघावं लागेल. दीड बिघा उभा राहील. आणि हॉस्पिटलात ताप पाहिला की डोस देत नाहीत, हे तिने तिथल्याच बाकावर एका बाईच्या तोंडून ऐकलं होतं. ताप उतरेपर्यंत थांबवतात, घरी पाठवतात. पुन्हा गॅप. पुन्हा ती सुपारी.

"आजीला, पप्पांना बोलू नको," ती म्हणाली. "गोळी घेते, उतरेल. सोमवारी तर चाललोच आहोत. सोमवारी डॉक्टरच बघतील."

उर्वी खिडकीपाशी उभी राहिली. आईकडे, कागदाकडे, हातातल्या काचेकडे पाहिलं. "पक्का ना?"

"पक्का."

आणि चारूने पाहिलं की मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. कुणीतरी ओझं पुढे केलं होतं आणि मग, असू दे, म्हणून परत घेतलं होतं. उर्वीने थर्मामीटर झटकून पारा खाली आणला, डबीत ठेवला, पाण्याचा पेला आणि गोळी उशाशी ठेवली. "माझं फिजिक्सचं टेस्ट आहे सोमवारी," ती म्हणाली, "नाही तर मी आले असते." मग ती बॅग घेऊन माळ्यावर अभ्यासाला गेली. चारूने तिला बोल लावला नाही. सोळाव्या वर्षी माणसाला विश्वास ठेवायला आवडतं.

गोळीने घाम फुटला, ताप उतरला, चार तासांनी पुन्हा चढला. तिने दुसरी घेतली.

*

रविवारी सकाळपासून उज्जैनच्या बाजूने आभाळ भरत आलं. बंटीला रविवारची सुट्टी होती. तोही विळा घेऊन उतरला. चौघे न थांबता कापत होते. इंदुमतीचं गाणंही बंद होतं. चारूला काप म्हटलं नव्हतं, ती ताडपत्रीच्या घड्या उलगडत बसली होती, पण दुपारनंतर अर्धी पात राहिली, ढग डोक्यावर आले आणि देवेंद्रने नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती उठली.

डावा हात आता मुठीत मिटत नव्हता. बोट वांग्यासारखं झालं होतं आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती. तिने ब्लाऊजची लांब बाही खाली ओढली. झाडं काखेत दाबून धरली आणि उजव्या हाताने विळा चालवला. डोळ्यांपुढे सोयाबीन कधी पिवळं दिसत होतं कधी काळं. माती जवळ यायची, मग लांब जायची. तिने मनाशी एकच धरलं होतं, हे झाड म्हणजे रविवार, हे झाड म्हणजे सोमवार. रविवार, सोमवार. रविवार, सोमवार.

शेवटची मूठ बंटीने कापली. ताडपत्री पाचजणांनी ओढली, कडांवर दगड ठेवले, आणि शेवटचा दगड ठेवता-ठेवता पहिले थेंब आले. देवेंद्र पावसात उभा राहून हसला. ओलं तोंड, पांढरे दात, लग्नात होता तसा. त्याने चारूच्या खांद्यावर हात टाकला.

"झालं यार. मानलं तुला." मग हात जरा तसाच राहिला. "तुझं अंग गरम लागतंय."

"ऊन होतं ना दिवसभर," चारू म्हणाली.

*

सोमवारी सकाळी त्याने शब्द पाळला. सांवेरपर्यंत मोटारसायकल, तिथून बस. तिने पहाटेच दोन गोळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे रक्त देताना अंग गार होतं. रक्ताचा कागद यायला दोन तास लागले. बाकावर ती देवेंद्रच्या खांद्याला टेकून बसली आणि त्याने खांदा काढून घेतला नाही. तो फोनवर सोयाबीनचा ओलावा किती चालेल ते कुणाला तरी विचारत होता.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. मग कागद खाली ठेवला आणि तिचा चेहरा पाहिला. मग म्हणाल्या, "हाथ क्यों छुपाया है?"

चिंधी कात्रीने कापावी लागली. आत हिरवा-काळा गोळा होता, त्याचा वास खोलीभर गेला. शेजारची नर्स एक पाऊल मागे सरकली.

"ये क्या भरा है इसमें?"

"पत्ता है," चारू म्हणाली. "खेत में होता है."

"किसने लगाया?"

"मैंने."

देवेंद्र बोटाकडे पाहत होता. त्याने ते पहिल्यांदाच पाहिलं होतं. चार दिवस तो त्या हाताच्या दहा पावलांवर कापत होता. "कब से है ये?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, आणि त्याने चारूकडे पाहिलं.

"परसों से," चारूनेच सांगितलं. "बुखार कल आया."

तिला वाटलं, आता रागावतील. रागावल्या तर बरं होईल, रागावून का होईना, डोस देतील. तिने उजव्या हाताची बाही स्वतःच वर केली, जिथे सुई लावायची तिथपर्यंत, आणि हात टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी बाही हळूच खाली ओढली. "आज नहीं लगेगा," त्या म्हणाल्या. "सफ़ेद सेल हैं ही नहीं। इन्फेक्शन ख़ून में जा चुका है। अभी भर्ती करेंगे, शाम को उँगली खोलेंगे। निकालनी भी पड़ सकती है।"

"और डोस कब?" तिने विचारलं.

"पहले ये निकल जाए."

"एक हफ़्ते में?"

डॉक्टरीणबाई देवेंद्रकडे वळल्या आणि कागदावर सहीची जागा दाखवू लागल्या. देवेंद्रने सही केली. नाव नीट उमटलं नाही, पुन्हा करावी लागली.

वॉर्डात तिला खिडकीजवळची खाट दिली आणि सलाईन लावलं. देवेंद्र उशाशी उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. तिला धीर द्यायला हवा. तो वाकला आणि तिच्या कपाळावरचा पदर सारखा करत म्हणाला, "डावाच आहे ना हात. उजवा असता तर पंचाईत होती. डाव्याने काम अडत नाही, टेन्शन नको घेऊ."

"हो," ती म्हणाली.

"मी औषधं आणतो खालून. फोन ठेव तुझ्याजवळ, घरून येईल."

तो गेल्यावर चारूने उजवा हात पोलक्याच्या आत घातला. सुपारीएवढी. की जरा मोठी. बोटांना नीट कळत नव्हतं. ती दाबून, फिरवून पाहत राहिली, आणि तेवढ्यात फोन वाजला. अमिता होती. मागे भांड्यांचा आवाज.

"वहिनी, झाला का डोस?"

"लागतोय," चारू म्हणाली. तिने थेंब-थेंब पडणाऱ्या सलाईनकडे पाहिलं.

"चला, बरं झालं. मी तर देवाजवळ दिवा लावला होता, मिळू दे म्हणून. आणि बोट?"

चारूने डावा हात पाहिला. त्यांनी तो उशीवर उंच ठेवला होता, वरून जाळीचं स्वच्छ फडकं टाकलं होतं.

"भरत आलं."

"बघा. मी म्हटलं नव्हतं? डॉक्टरला दाखवलं का? काय म्हणाले?"

"विचारत होते, कुणी लावलं."

"मग?"

"म्हटलं, जावेने."

पलीकडून अमिता हसली. इतकी मोकळी ती ह्या घरात कधी हसली नव्हती. मग हळू आवाजात, सासूला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "वहिनी, ऐका ना. आजपासून तुमचं जेवण मी वेगळं काढत जाईन. तिखटाशिवाय. मला आधीच सुचायला हवं होतं, पण दिवसभर डोकंच जाग्यावर नसतं हो. संध्याकाळच्या बसनं येताय ना? मऊ खिचडी टाकते. तूप सोडून. चालेल ना?"

दाराशी नर्स पट्टीचा ट्रे आणि कात्री घेऊन उभी होती. फोन ठेवा, अशी खूण करत होती.

"टाक," चारू म्हणाली.